नागपूरच्या महाल भागातल्या काकूंना, उन्हाळ्यातल्या रात्रींबद्दल

काकू,

सा. न. वि. वि.

शोधनिबंध छापायला गेला तेव्हा ऋणनिर्देशात तुमचं नाव घालू का, असं विचारलं होतं. "नाव-बिव नको छापू गं, मी काय केलं एवढं?" म्हणून तुम्ही विषय मिटवलात आणि चहा टाकायला उठलात. नाव आजही लिहीत नाही. पण तुम्ही काय केलंत हे चारचौघांत सांगितल्याशिवाय मला चैन पडणार नाही. शहरातली झाडं, रस्ते, भिंती आणि त्यांच्यात मुरणारी उष्णता हाच आता माझ्या आयुष्याचा अभ्यास आहे, मुलांना मी हेच शिकवते. आणि त्यातल्या कामाच्या पहिल्या नोंदी तुमच्या स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर आहेत.

वाचणाऱ्यांसाठी थोडं मागचं सांगते. पीएचडीसाठी मला नागपूरच्या उन्हाळ्यातल्या रात्री मोजायच्या होत्या. दुपारचा पारा आपल्याकडे सगळ्यांना पाठ असतो. २०१३ च्या मे महिन्यात तो ४७ च्या वर गेला, ते लोक अजून सांगतात. पण शहर आणि आजूबाजूचं मोकळं रान यांच्यातला फरक दुपारपेक्षा सूर्य मावळल्यावर जास्त कळतो. विटा, काँक्रीट आणि डांबर दिवसभर उष्णता पितात आणि रात्रभर ती सोडत बसतात. लंडनचं हवामान टिपणाऱ्या ल्यूक हॉवर्डनं एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीलाच हे टिपलं होतं. आपली वेधशाळा सोनेगावला, विमानतळाच्या मोकळ्या जागेत. महालात, बडकस चौकामागच्या गल्लीत रात्री किती उकडतं, हे तिथल्या आकड्यावरून कसं कळणार?

आपोआप नोंद ठेवणारी यंत्रं माझ्याकडे मोजकीच होती. ती बेसा आणि मनीषनगरच्या नव्या लेआउटमध्ये लागली. महालासाठी उरला साधा कमाल-किमान तापमापी. तो रोज वाचायला माणूस हवा होता, आणि पहाटे वाचायला तर हक्काचा माणूस हवा होता. तुमची माझी ओळखही नव्हती. मी गल्लीत वर बघत उभी होते आणि तुम्ही सज्जातून विचारलंत, "काय करून राहिलीस गं उन्हात? आत ये आधी." तापमापी ठेवायला सुताराकडून करून घेतलेली पांढरी, झडपांची पेटी त्याच आठवड्यात तुमच्या अंगणात उभी राहिली.

तो तापमापी वाचणं सोपं नाही. काचेच्या नळीचे दोन दांडे, उजव्या बाजूला कमाल, डाव्या बाजूला किमान, आणि किमानाचे आकडे उलटे, खाली जातील तसे वाढणारे. वाचून झालं की आतल्या बारीक लोखंडी खुणा लोहचुंबकानं पाऱ्यापर्यंत ओढून आणायच्या, नाहीतर दुसऱ्या दिवशीची नोंद वाया. माझ्या बरोबरीच्या विद्यार्थ्यांना हे समजायला वेळ लागायचा. तुम्ही चष्मा पुसलात, एकदा वाचून दाखवलंत आणि म्हणालात, "बरं, चुंबक कुठे ठेवायचा ते सांग, पोरं उचलतात."

मी छापील तक्ता दिला होता. तो तुम्ही कपाटात ठेवलात आणि आकडे कॅलेंडरच्या चौकोनात, दुधाच्या हिशेबाखाली लिहिलेत. कारण तेच रोज डोळ्यासमोर असतं. आकड्याशेजारी जागा उरली तिथे आणखी काही. "आभाळ आलं." "वीज गेली, सगळी गल्ली बाहेर." "समोरच्यांनी गच्चीवर पाणी मारलं." "कूलर बंद, पंख्यावर भागलं." "पश्चिमेची भिंत अकरापर्यंत गरम."

काकू, या बारक्या शेऱ्यांनी माझं काम वाचवलं. एका रात्री पारा अचानक खाली उतरलेला दिसला की यंत्राच्या नोंदीत तो नुसता खड्डा असतो. तुमच्या चौकोनात लिहिलेलं असायचं की समोरच्या गच्चीवर पाणी मारलं होतं. भिंतीला हात लावून लिहिलेल्या वेळांवरून मला कळलं की वाड्याच्या जाड भिंतीतून दुपारची उष्णता आत पोचायला किती उशीर लागतो. कूलरची नोंद तर मी मागितलीही नव्हती. मेच्या कोरड्या हवेत वाळ्याच्या ताट्यांचा कूलर खोली गार करतो. जूनमध्ये हवेत दमटपणा आला की तोच नुसता चिकचिक करतो, हे नागपूरकराला सांगायला नको. पण तारखेवार लिहून ठेवणारं कोण होतं? त्या नोंदींवरून एक अख्खं प्रकरण उभं राहिलं, आणि परीक्षकांनी तोंडी परीक्षेत सर्वांत जास्त वेळ त्यावरच घालवला.

आणि बाजेची गोष्ट. नवतपा, म्हणजे मेअखेरचे ते कडक उन्हाचे नऊ दिवस, चालू होता. मी रात्री मुक्कामाला होते. जेवणं झाल्यावर तुम्ही अंगणातली बाज कडुनिंबाखालून मोकळ्यावर ओढलीत. मी विचारलं, झाडाखाली गार नाही का? "दिवसा गार. रात्री झाडाखाली कोंदतं. आमच्या सासूबाई पण इकडेच ओढायच्या." लोक म्हणतात झाड रात्री वाईट वायू सोडतं, म्हणून झाडाखाली निजू नये. त्या वायूचं प्रमाण नगण्य असतं. पण कोंदतं हे खरं. रात्री जमीन आपली उष्णता वर, उघड्या आभाळाकडे सोडते आणि विदर्भाच्या कोरड्या हवेत ती झपाट्यानं निघूनही जाते. वर पानांचं छत असेल तर त्यातली बरीच पुन्हा खाली येते. आभाळ आलेली रात्र उकडते तीही याच कारणानं.

त्या रात्रीपासून माझा प्रश्न मोठा झाला. झाडं किती, एवढं मोजून भागत नाही. माणसाच्या डोक्यावर आभाळ किती उघडं आहे तेही मोजावं लागतं. दिवसा सावली आणि रात्री मोकळं आभाळ, दोन्ही हवं, आणि तुमच्या अंगणात ते आठ-दहा पावलांत होतं. आपल्या नव्या वस्त्यांमध्ये दोन्ही जातंय. रस्ता सिमेंटचा, कडेला गट्टू म्हणजे सिमेंटचे ठोकळे, गट्टूंनी झाडाचा बुंधा आवळलेला, आणि घराभोवतीची मोकळी जागा फरशीखाली. राष्ट्रीय हरित लवादानं २०१३ मध्ये दिल्लीतल्या झाडांच्या बुंध्याभोवती एक मीटरपर्यंतचं काँक्रीट काढायला सांगितलं. आपल्याकडे प्रत्येक रस्त्याच्या कामात आधी तेवढी माती राखली गेली पाहिजे, हे मी जिथे बोलावतील तिथे सांगते.

रात्रींबद्दलही सांगते. २०१० च्या जीवघेण्या उन्हाळ्यानंतर अहमदाबादनं २०१३ मध्ये उष्णतेचा कृती आराखडा केला, पुढे नागपूरनंही. त्यात भर असतो तो दुपारवर: पाणी, सावली, कामाच्या वेळा. ते हवंच. पण दिवसभर इतवारीत हातगाडी ओढून टिनाच्या खोलीत निजणाऱ्याचं शरीर रात्रीही गार झालं नाही, तर दुसरी दुपार त्याच्यावर दुप्पट येते. हवामान खात्याकडे 'उष्ण रात्र' ठरवायचा निकष आहे: दिवसाचं कमाल तापमान ४० किंवा जास्त आणि रात्रीचं किमान सरासरीपेक्षा ४.५ ते ६.४ अंश वर. त्याच्याही वर गेली तर ती अति उष्ण रात्र. "वीज गेली, सगळी गल्ली बाहेर" हा तुमचा शेरा मी अशा बैठकांत वाचून दाखवते. त्यानंतर लोक रात्रीबद्दल बोलायला लागतात.

मे २०२४ मध्ये नागपुरातल्या रामदासपेठेतल्या स्वयंचलित हवामान केंद्रानं ५६ अंश दाखवले आणि सगळ्यांचे फोन ती बातमी पुढे ढकलत होते, त्या संध्याकाळी तुमचा फोन आला होता. "आपल्या पेटीत तर इतकं नाही. त्यांचं यंत्र तपासायला सांग." हवामान खात्यानं पुढे तेच सांगितलं, संवेदकात बिघाड होता. मी तो फोन वर्गात दर वर्षी सांगते, कारण आकडा बघितल्यावर आधी शेजारच्या आकड्याशी ताडून बघायचं, हे मुलांना पुस्तकापेक्षा तुमच्यामुळे लवकर पटतं.

मधल्या काळात फेलोशिप संपली, एका ठिकाणी "गृहिणीच्या नोंदींना शास्त्रीय आधार काय?" असंही ऐकावं लागलं. मी यंत्र तुमच्या पेटीत ठेवून दोन्ही नोंदी ताडल्या, त्या जुळल्या, आणि तो प्रश्न तिथेच संपला. आता माझ्या विद्यार्थ्यांच्या प्रत्येक केंद्राच्या वहीत 'शेरा' हा रकाना सर्वांत रुंद असतो. तो कोणाकडून आला हे त्यांना माहीत आहे.

काकू, तुमचे मनापासून आभार. पहाटे उठून उलटे आकडे वाचल्याबद्दल, अनोळखी पोरीला घरात घेतल्याबद्दल, आणि मी विचारलं नव्हतं तेही लिहून ठेवल्याबद्दल.

यंदा नवतप्याच्या आधी येते आहे. पेटीच्या दोन झडपा सैल झाल्यात म्हणालात, सुताराला घेऊनच येईन. सोबत दोन विद्यार्थिनी असतील. त्यांना तापमापी मी शिकवला आहे, भिंतीला हात कधी आणि कुठे लावायचा ते तुम्ही दाखवा.

तुमची,
पेटीवाली