पुस्तकावर आपलं आडनाव नाही, बाबा

डोंबिवली

तीर्थरूप बाबा आणि आईस,
शिरसाष्टांग नमस्कार.

पार्सल उघडण्याआधी हे पत्र वाचा, असं मी वरच्या कागदावर लिहिलं होतं. तरी ते उघडलं असणारच. आईला गाठ सुटेपर्यंत दम निघत नाही आणि बाबा सुतळीची गुंडी करून खणात ठेवायला गेले असतील. असो. आता पुस्तक बाजूला ठेवा आणि दोघं पडवीत बसून हे वाचा. बाबा, मोठ्याने वाचा, पण खिडकीकडे तोंड करून नको. शेजारी ऐकू जातं.

ते पुस्तक माझं आहे. त्यातल्या कविता मी लिहिल्यात. एकदोन वर्षांतल्या नव्हेत, कोल्हापूरहून परत आले तेव्हापासूनच्या. प्रकाशकांनी स्वतःच्या खर्चाने काढलंय, माझा एक रुपया गेलेला नाही. हे आधी सांगते, कारण बाबांचा पहिला प्रश्न तोच असणार.

दुसरा प्रश्न नावाचा. मुखपृष्ठावर माझं नाव नाही. माहेरचं नाही, सासरचंही नाही. जे आहे ते आईने एव्हाना ओळखलं असेल. आजीचं माहेरचं नाव. प्रकाशक म्हणत होते, आता खरं नाव टाकू, वाचकांना भेटता येईल, कार्यक्रम करता येतील. मी नको म्हटलं. ते ठरलंय, छापून झालंय, आता बदलणार नाही. हे फोनवर सांगितलं असतं तर बाबांनी स्पीकर लावला असता, आई स्वयंपाकघरातून ओरडली असती आणि मुद्द्याचं राहून गेलं असतं. म्हणून पत्र.

बाबा, तुम्हाला लागलं असेल, मला माहीत आहे. हायस्कुलात इतकी वर्षं मराठी शिकवलंत, मुलीचं पुस्तक आलं आणि त्यावर आपलं आडनाव नाही. पण टोपणनावांचं वेड मला लावलं कोणी? रात्री दिवे गेले की कंदिलाभोवती बसवून तुम्हीच विचारायचात. केशवसुत? कृष्णाजी केशव दामले. बी? नारायण मुरलीधर गुप्ते. बालकवी? त्र्यंबक बापूजी ठोंबरे, आणि ते नाव त्यांना कुठे मिळालं? जळगावच्या कविसंमेलनात, 1907. ग्रेस? माणिक गोडघाटे. चुकलं की परत पहिल्यापासून. दादा नेहमी गोविंदाग्रज आणि कुसुमाग्रज यांची अदलाबदल करायचा आणि मी हसले की मलाही उठाबशा.

तेव्हा ते सगळं परीक्षेतल्या जोड्या लावायला होतं. मोठी झाल्यावर वाटायला लागलं की या माणसांना एक नाव का पुरलं नाही? गडकऱ्यांचंच घ्या. नाटकं राम गणेश गडकरींची, विनोद बाळकरामचा आणि कविता गोविंदाग्रजांची. अवघ्या तेहेतीस वर्षांच्या आयुष्यात तीन माणसं. त्यांना काही चोरीचपाटी करायची नव्हती. जो माणूस लोकांना हसवतो त्याच्या तोंडून रडणं आलं तर लोक ते गंभीरपणे घेत नाहीत, एवढंच असेल, असं मला वाटतं.

आणि आपल्या कुडाळातच बघा ना. ज्या खानावळीवरून लहानपणी जायचात म्हणून तुम्ही सांगता, ती चालवणारे खानोलकर. गल्ल्यावर बसायचं, जेवणाऱ्यांचा हिशेब ठेवायचा, आणि कवितेखाली नाव बाईचं, आरती प्रभू. कादंबऱ्या आणि नाटकं मात्र चिं. त्र्यं. खानोलकरांची. 1976 साली गेले, साहित्य अकादमीचा पुरस्कार 1978 मध्ये मिळाला, तोही कवितेला. बाजारातला एक पुरुष बाईच्या नावाने लिहितो तर तुम्हाला तो केवढा थोर वाटतो! मग मी माझ्या आजीच्या नावाने लिहिलं तर काय बिघडलं? तुम्ही म्हणाल, केशवसुतांनी निदान वडिलांचं नाव तरी ठेवलं. ठेवलं, कबूल. मी आजीचं ठेवलं, आणि ती तुमचीच आई होती.

आता तुम्ही संतांवर याल. तुका म्हणे, नामा म्हणे, चोखा म्हणे, शेवटच्या ओळीत नाव ठोकून मोकळे. खरं आहे. पण जनाबाई नामयाची जनी म्हणते आणि नाथ तर गुरूच्या नावाला चिकटूनच एका जनार्दनी म्हणतात, एकटं नाव तिथेही नाही. आणि नाथांचं ते रोडग्याचं भारूड आठवा, जे तुम्ही गॅदरिंगला मुलींकडून बसवून घेतलं होतंत. सून भवानीला नवस करते, सासऱ्याला ने, सासूला ने, जावेला ने, नवऱ्यालासुद्धा. सभागृह हसत होतं, मुख्याध्यापक हसत होते. पैठणला जाऊन कोणी विचारलं का, नाथबुवा, तुमच्या घरी सुनेचं असं चाललंय का? कवितेतला ‘मी’ म्हणजे लिहिणारा नव्हे, हे नाथांच्या बाबतीत लोकांना लगेच कळतं.

बाईने लिहिलं की कळत नाही. इंदिरा संतांचं बघा. त्यांचे यजमान 1946 साली गेले. त्यानंतर त्यांनी पाऊस लिहिला तरी लोकांनी त्यात यजमान शोधले, रस्ता लिहिला तरी यजमान. त्या बेळगावात शिकवत होत्या, मुलं वाढवत होत्या, पण वाचणाऱ्यांना एकच बातमी हवी होती. पुरुषाच्या कवितेत प्रेयसी आली तर ती कल्पना आणि बाईच्या कवितेत पुरुष आला तर तो अमुक-तमुक. माझ्या बाबतीत आपल्या घरातली कोणकोण माणसं शोधली गेली असती याची यादी मला पाठ आहे. आत्या तर पुस्तक घेऊन दारात आली असती, पान दुमडून.

आई, आता तुझ्याशी. तू म्हणशील, काय गो, लपवण्यासारखां काय होता? नव्हतं काही. पण तू तरी सगळं बोललीस का? मी पाचसहा वर्षांची असताना पहाटे जाग यायची ती जात्याच्या घरघरीने. आजी एका हाताने खुंटा फिरवायची, दुसऱ्या हाताने वैरण घालायची, आणि गायची. दिवसा तोंडातून शब्द न काढणारी बाई. सणाला माहेरी नेलं नाही, भाऊ वाटेवरून पुढे गेला, असं सगळं ती ओवीत सांगायची आणि आजोबा पलीकडे झोपलेले. झोपलेले का जागे, देवाला ठाऊक. कोणी विचारलंच तर ओवी आईकडून आलेली, आपली नव्हे, असं म्हणायला मोकळी. हेमा राईरकर आणि गी प्वातवाँ या अभ्यासकांनी गावोगाव फिरून अशा लाखावर ओव्या गोळा केल्या. लाखावर, आई! एवढ्या बायका एवढं बोलत होत्या आणि घरात म्हणे सगळं शांत होतं.

शिवाय नाव बदलण्याची आपल्याकडे नवलाई ती काय? तुझ्या लग्नात बाबांनी ताटातल्या तांदळात अंगठीने तुझं नवं नाव काढलं, तेव्हा तुला कोणी विचारलं होतं? आजीचंही तसंच. तिचं माहेरचं नाव मला कळलं ते तिच्या बाराव्याला, मुंबईहून आलेल्या म्हाताऱ्या मामांनी तिला त्या नावाने हाक मारून रडायला सुरुवात केली तेव्हा. साठ वर्षं या घरात राहिली आणि ते नाव आम्ही कोणी ऐकलं नव्हतं. तेच मी उचललं. तुला वाईट वाटू नये. तुझं घेतलं असतं, पण ते पोस्टातल्या पासबुकावर आहे, सगळ्या गावाला माहीत.

तुमच्या मनात आता एकच चालू असणार, आमच्याबद्दल काय लिहिलंय. सांगते. कोल्हापूरनंतरच्या त्या वर्षी मी माडीवर असायचे आणि तुम्ही दोघं खाली हळू आवाजात बोलायचात. तेव्हा तुम्ही काही विचारलं नाहीत. आई रोज पेज आणि भाजलेला पापड वर आणून ठेवायची आणि भांडं न्यायला येताना पायरीवर मुद्दाम पाय आपटायची, मला डोळे पुसायला वेळ मिळावा म्हणून. ते मला कळत होतं गो. बाबांच्या उत्तरपत्रिकांच्या उरलेल्या कोऱ्या पुरवण्यांवर मी लिहायचे आणि काकांच्या पेटीच्या खोक्यात ठेवायचे. काकांनंतर ते खोकं कोणी उघडणार नाही, हे माहीत होतं.

त्यातल्या काही कवितांत एक घर आहे, एक बाप आहे, एक आई आहे. ती तुम्ही नव्हे. थोडी तुम्ही. पापड तुमचा आहे, पण तो बाप कविता संपेपर्यंत एक शब्द बोलत नाही आणि बाबा, तुम्ही निदान हवामानावर तरी बोलायचात. विहिरीवरची कविता आईने एकटीने वाचू नये. त्यात घाबरण्यासारखं काही नाही, मी तेव्हा तसला विचार केला नव्हता, विहीर फक्त कवितेत आहे. पण तू वाचशील आणि रात्रभर जागशील, म्हणून आधी सांगून ठेवते. ती बाबांनी वाचून दाखवावी आणि शेवटचं कडवं दोनदा वाचावं, त्यात पाणी वर येतं.

बाबा म्हणतील, लपवायचंच होतं तर छापलं कशाला? अमेरिकेत एमिली डिकिन्सन म्हणून बाई होती. तिने कागद दुमडून, सुईदोऱ्याने शिवून कवितांच्या छोट्या वह्या केल्या आणि खोलीत ठेवून दिल्या. 1886 साली ती गेल्यावर बहिणीला त्या सापडल्या. एकूण जवळपास अठराशे कविता आणि जिवंतपणी छापलेल्या दहाएक. आणि आपल्या बहिणाबाई, 1951 च्या डिसेंबरात गेल्या आणि पुस्तक 1952 साली आलं. मुलाने, सोपानदेवांनी, आणि त्यांच्या मावसभावाने उतरवून ठेवलं म्हणून उरलं. मला कोणी मागाहून सापडायला नको आहे. माझी लेक आवराआवर करताना रडत पुरवण्या वाचत बसेल, त्यापेक्षा हे बरं. छापायचं आहे, वाचलं जायचं आहे, फक्त डोंबिवली लोकलमध्ये कोणी मला ओळखायला नको. बँकेत काउंटरवर बसून कर्जाचे हप्ते मागणारी बाई कविता करते हे कळलं तर हप्ते कोणी भरायचे नाहीत.

यांना माहीत आहे. लेकीला माहीत आहे, तिला फार काही वाटलं नाही, मुखपृष्ठाचा रंग मात्र आवडला नाही. आणि आता तुम्हाला. दादाला मी सांगेन, तुम्ही नको, तो वहिनीला सांगेल आणि मग रेडिओ लागलाच.

आता नीट ऐका. पुस्तक देव्हाऱ्यापुढे ठेवायचं नाही. वाचनालयात न्यायचं नाही. बाबा, तिथल्या मंडळींना “कोणाचं असेल ओळखा” असं विचारायचंसुद्धा नाही, तुमचा चेहरा बघून पहिलीतलं पोर ओळखेल. घरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर फोटो नको. कोणी आलं तर पेपराखाली सरकवा. शुद्धलेखनाच्या चुका पेन्सिलीने काढायला हरकत नाही, त्या मला हव्यातच. अनुस्वारावरून प्रकाशकांशी माझं भांडण झालंय, तुमचा निकाल मी मानीन.

रात्री वाचायचं नाही. मोतीबिंदूचं ऑपरेशन दिवाळीनंतर ठरवलंय ना, तोवर डोळ्यांना ताण नको. मी रजा टाकली आहे, त्या आठवड्यात मी तिथे असेन, तेव्हा तारीख पुढे ढकलायची कारणं शोधू नका. सकाळची रक्तदाबाची गोळी चहाबरोबर, विसरलात म्हणून संध्याकाळी दोन नाही. न्हाणीघरात धरायला दांडा बसवायला माणूस येईल, त्याला परत पाठवू नका. आईने गुडघ्याला तेल लावून जिना चढायचा नाही. माडीवर आता तसंही कोणी नाही, तिथलं काय ते मी आल्यावर झाडीन. कुळथाची पिठी संपली आहे, येणाऱ्या कोणाबरोबर थोडी पाठव, पण दळून आणायला स्वतः गिरणीवर जाऊ नकोस.

गुरुवारी रात्री जेवणं झाल्यावर फोन करते. आधी आईला देणे. बाबा, तुम्हाला काही विचारायचं असेल तर कागदावर उतरवून ठेवा, पण कोणती ओळ कोणावर हे विचारू नका, मी सांगणार नाही.

तुमची,
बाय