पांढरीची नोंद

शहादा,
आखाजीचा दुसरा दिवस

चि. ताईस अनेक आशीर्वाद.

पत्र लिहायला बसलो आणि पहिल्याच ओळीला अडलो. पाकिटावर घालायला तुझा पत्ताच नाही. गेल्या चार महिन्यांत पुरातत्त्वाच्या कामापायी तू अमेरिकेत पाच मोटेलं बदललीस. आईच्या फोनमध्ये तुझ्या नावापुढे ती राज्याचं नाव लिहून ठेवते आणि दर महिन्याला खोडून नवं लिहिते. म्हणून ही पानं शाईनेच लिहितो आणि त्यांचे फोटो काढून पाठवतो. नीट मोठे करून वाच.

काल घागर पुजली. आबांच्या नावाने पान वाढलं. खापरावरच्या पुरणपोळ्या, आमरस, कुरडया, सगळं झालं. गल्लीत सासुरवाशिणी आल्या आहेत, निंबाला झोके लागलेत, आणि मोठी माय दिवसभर ओट्यावर बसून येणारी-जाणारी बघत होती. संध्याकाळी मला विचारते, "मनी नात आते काय करी ऱ्हायनी?" मी म्हटलं, खड्डे खणते आहे. ती म्हणाली, "मंग वावरमाच शे ना." तिचं समाधान झालं. माझं झालं नाही, म्हणून हे पत्र.

रविवारी तू म्हणालीस, नऊ दिवसांत 160 खड्डे घेतले आणि एका बाटलीच्या काचेपलीकडे काही निघालं नाही. म्हणालीस, नाना, दोन पदव्या घेऊन मी दुसऱ्याच्या पाइपलाइनसाठी रिकामी माती चाळते आहे. आई लगेच म्हणाली, ये परत. मी काहीच बोललो नाही. तुला वाटलं असेल की मलाही तेच म्हणायचंय. तसं नव्हतं. मला जे सांगायचं होतं ते आईसमोर फोनवर सांगता आलं नसतं.

तुझं काम मला पहिल्या वर्षी समजलं नव्हतं. मग तू सांगत गेलीस तसं मी वहीत टिपून घेतलं, सवय जात नाही. ज्या रस्त्याला, पाइपलाइनला, विजेच्या लाइनला तिथल्या केंद्र सरकारचा पैसा किंवा परवानगी लागते, तिथे काम सुरू होण्याआधी त्या जमिनीत जुनं काही आहे का याचा विचार सरकारी खात्याला करावाच लागतो. तिथला 1966 चा ऐतिहासिक वारसा जतनाचा कायदा, कलम 106. मग पुरातत्त्वाचं काम करणाऱ्या कंपनीला ठेका मिळतो आणि ती तुमच्यासारख्या पोरांना त्या कामापुरतं घेते. काम संपलं की गाडीत सामान टाकून पुढचं राज्य. दर 30 मीटरवर एक झेंडी, झेंडीपाशी फूट-सव्वा फूट रुंद खड्डा, खाली कधी न हललेली माती लागेपर्यंत खोल. निघालेली सगळी माती पाव इंची जाळीतून चाळायची, थराचा रंग मातीच्या रंगांच्या पुस्तकातल्या चकत्यांशी लावून बघायचा, कागद भरायचा, खड्डा बुजवायचा, पुढच्या झेंडीकडे चालायचं. उन्हात, पावसात, कुणाच्याही मक्यात.

हे वाचताना मला माझीच नोकरी दिसते. 1984 ला मी भूकरमापक म्हणून लागलो तेव्हा हातात साखळी आणि फलक होता. 33 फुटांची साखळी, तिचे सोळा आणे. साखळीभर लांब आणि साखळीभर रुंद म्हणजे एक गुंठा, आणि असे 40 गुंठे म्हणजे एकर. हंगाम उन्हाळ्याचा, कारण रब्बी निघाल्याशिवाय वावरं मोकळी होत नाहीत. एप्रिल-मे मध्ये तळोदा, अक्कलकुवा, धडगावकडे मुक्काम. रात्री चावडीत नाहीतर मारुतीच्या देवळात पथारी. तुझा जन्म झाला तेव्हा मी मुक्कामावर होतो आणि निरोप तिसऱ्या दिवशी मिळाला, हे आई तुला दरवर्षी सांगते. गावात शिरलो की लोक आधी संशयाने बघायचे. आता हा कुणाची जमीन कमी करणार? तुझ्याकडेही शेतमालक कंपाउंडपाशी उभे राहून तसेच बघतात म्हणालीस.

तर रिकाम्या खड्ड्यांचं सांगतो. माझ्या पहिल्या वर्षी एका गटाची हद्द मोजली, जुन्या नकाशाशी तंतोतंत जुळली. वाद नाही, फरक नाही. मी टिपणाचं पान कोरं सोडलं आणि पुढे गेलो. आमच्या वरिष्ठांनी मला त्याच गावी परत पाठवलं. म्हणाले, पन्नास वर्षांनी कोणी हे पान उघडलं तर त्याला कसं कळेल की मोजून फरक निघाला नाही, की मोजलंच नाही? भर उन्हात चार कोस जाऊन मी दोन शब्द लिहून आलो, "फरक नाही". तुझे 160 खड्डे म्हणजे तेच 160 वेळा लिहिलेलं "फरक नाही" आहे. त्या पट्ट्यात जुन्या वस्तीची खूण लागली नाही, हे तुझ्यामुळे कागदावर आलं. तुझ्याआधी ते कुणालाच माहीत नव्हतं.

आता ज्यासाठी कागद घेतला ते लिहितो. तू डेक्कन कॉलेजला दुसऱ्या वर्षाला होतीस. साक्री तालुक्यात कवठ्याला जमिनीत खड्डे करून राहणाऱ्या लोकांची वस्ती निघाली होती, तापीकाठच्या आपल्या सावळद्याच्या नावाने एक आख्खी संस्कृती ओळखली जाते, चार हजार वर्षं जुनी, हे तू मला रात्री साडेदहाला फोन करून सांगत होतीस. आवाज थरथरत होता तुझा. मग विचारलंस, "नाना, एवढी वर्षं गावोगाव मोजलीत, तुम्हाला कधी नक्षी काढलेली खापरं दिसली का?" मी म्हणालो, नाही ग.

ते खोटं होतं.

1994 च्या उन्हाळ्यात गोमाईकाठच्या एका गावात रस्त्याच्या भूसंपादनाची संयुक्त मोजणी होती. रस्त्याच्या आखणीत एक पांढरी येत होती. तुझ्या पुस्तकात त्याला काही वेगळं नाव असेल, पण आपल्याकडे पोराटोरांनाही माहीत आहे: काळी म्हणजे वावर, पांढरी म्हणजे गाव, आणि उजाड वावरात मध्येच पांढुरकी माती वर आलेली असली की तिथे कधीकाळी गाव होतं. राख, शेण, पडलेल्या मातीच्या भिंती, सगळं कुजून ती माती तशी होते. लोक गाड्या भरभरून ती खत म्हणून वावरात टाकतात. त्या पांढरीचीही एक बाजू अशीच गाड्यांनी कापून नेलेली होती, आणि तो उभा काप मी अगदी जवळून पाहिला. राखेची एक रेघ, तिच्याखाली काळपट पट्टा, मग हातभर चोपलेली पिवळी जमीन, परत राख. मधोमध एक मडकं अर्धं कापलेलं, तोंड तसंच आत रुतलेलं. खाली पडलेल्या लाल खापरावर काळ्या रंगाने आडव्या रेघा आणि बाणाच्या टोकासारखं काहीतरी काढलेलं होतं. साखळी धरणाऱ्या माणसाने ते मला पुसून दाखवलं, "साहेब, हे काय लिहायचं?" दुपार झाली होती, अजून सात गट बाकी होते. आमच्या तक्त्यात त्यासाठी रकानाही नव्हता. मी लिहिलं, "पोटखराब, 12 गुंठे." म्हणजे लागवडीला न येणारी जमीन, एवढंच.

पुढच्या उन्हाळ्यात ती पांढरी भरावात गेली. मी त्या रस्त्याने शेकडो वेळा गेलो आहे. तूही गेली आहेस, शाळेच्या सहलीला.

कुणी मला जाब विचारला नाही, विचारणारं कुणी नव्हतंच. आपल्याकडे प्राचीन स्मारकांचा 1958 चा कायदा आहे. 2010 च्या दुरुस्तीने संरक्षित स्मारकाभोवती 100 मीटर बंदी आणि त्यापुढे आणखी 200 मीटर नियंत्रण कायद्यातच आलं. पण ते यादीतल्या स्मारकांना. ज्या पांढरीची कुठे नोंदच नाही तिला ते मीटर कुठून मोजणार? आणि नोंद करायला त्या दिवशी तिथे कागद-पेन घेऊन एकच माणूस उभा होता, तो मी. म्हणून तुझ्या त्या पुस्तकातल्या चकत्या, "टेन वाय-आर, चार बटा तीन" वगैरे मातीच्या रंगाचे आकडे तू बोलतेस तेव्हा मला हेवा वाटतो. तुझ्या तक्त्यात राखेच्या रेघेला रकाना आहे. त्या मुलखातली पांढरी तुझ्या खड्ड्याला लागली तर रस्त्याला तिची दखल घ्यावी लागते. दरवेळी रस्ता वळत नाही, हेही तू सांगितलंस. कधीकधी नीट खणून, लिहून घेऊन मगच वरून जाऊ देतात. तेवढं जरी त्या 12 गुंठ्यांना मिळालं असतं!

आबांची गोष्ट तुला ठाऊक आहे, पण तू ती नेहमी अर्धी ऐकलीस. 1954-55 ला प्रकाशाला, तापी-गोमाईच्या संगमावर, भारतीय पुरातत्त्व विभागाच्या बी. के. थापरांनी उत्खनन केलं तेव्हा आबा सोळा वर्षांचे होते आणि पाट्या वाहायला जायचे. ताम्रपाषाण काळापासून पुढे एकावर एक चार कालखंड तिथे निघाले, हे तूच मला नंतर सांगितलंस. आबांना कालखंड माहीत नव्हते. त्यांना एवढंच आठवायचं की माती वर आणली की ती तशीच फेकू द्यायचे नाहीत, हाताने चाचपायला लावायचे, आणि मिळालेल्या प्रत्येक तुकड्याबरोबर चिठ्ठी जायची. "आमच्या पाटीला चिठ्ठी होती," असं ते म्हातारपणी सांगायचे, जसं कुणी मेडल मिळाल्याचं सांगतं. त्यांच्या किती पाट्या रिकाम्या गेल्या असतील! चाळीसगाव तालुक्यात पाटण्याला शहामृगाच्या अंड्याच्या कवचाचा रेघा कोरलेला एवढासा तुकडा निघाला, पंचवीस हजार वर्षांपूर्वीचा. त्याच्या आधी कुणीतरी किती माती निवडली असेल, ते कुणी मोजलेलं नाही.

परत यायचं की नाही ते तू ठरव. मी ओढणार नाही आणि ढकलणारही नाही. इथे आलीस तर हेच काम, याच पगारावर, बाराही महिने मिळेल असं मी खोटं सांगणार नाही. व्हिसाची मुदत, कामं मिळत नाहीत ते हिवाळ्याचे महिने, हे हिशेब तुलाच मांडायचे आहेत. पण "रिकामी माती" म्हणून येऊ नकोस. थकलीस म्हणून ये, घर आठवतं म्हणून ये, दार उघडंच आहे.

थकण्यावरून सांगतो. गुडघ्याचं दुखणं अंगावर काढू नकोस. खणणं आणि चाळणं जोडीदाराशी आलटून-पालटून करा, एकटीने फावडं धरून ठेवू नकोस. मी साखळीच्या दिवसांत उकिडवं बसून बसून गुडघे घालवले, आज देवळाच्या पायऱ्या चढताना कळतं. गोचिडीपासून तिथे ताप येतो म्हणालीस, तर मोटेलवर गेल्या गेल्या अंग नीट बघत जा, गुडघ्याच्या मागे, केसांत. दहा तास काम करून रात्री सहा तास गाडी चालवत पुढच्या ठिकाणी जाऊ नकोस, कंपनी म्हणाली तरी. आणि जेवणाचा भत्ता वाचवून नूडल्सवर राहू नकोस. मीही भत्ता वाचवायचो, त्यातून या घराच्या विटा आल्या हे खरं, पण पोटाचं दुखणंही त्यातूनच आलं.

एक गोष्ट मला फार आवडली होती, ती काल घागर पुजताना आठवली. माणसाची हाडं लागली की तुमचं काम तिथेच थांबतं, आणि जमीन केंद्र सरकारची किंवा तिथल्या मूळनिवासी जमातींची असेल तर 1990 च्या कायद्याप्रमाणे ती ज्या जमातीच्या पूर्वजांची असतील त्यांना विचारलं जातं. तू सांगितलंस की त्या दिवशी तुमच्यातलं कुणी मोठ्याने बोललं नाही. हे मी मोठ्या मायला सांगितलं. तिने हात जोडले.

आता माझं काम सांगतो. गेल्या महिन्यात मी एक दोनशे पानी वही आणली. 34 वर्षांत ज्या ज्या गावी पांढरी पाहिल्याचं आठवतं, ती लिहायला बसलो. गाव, गट नंबर, कोणत्या ओढ्याच्या कोणत्या काठाला. आत्तापर्यंत 23 झाल्या. पैकी चार मी आठवड्यात मोटारसायकलने जाऊन पाहून आलो. दोन शिल्लक आहेत, एक अर्धी आहे, एकीवर आता केळी आहे. खापरं उचलली नाहीत, जागच्या जागी पट्टी ठेवून फोटो काढले. 1994 च्या त्या गावीही गेलो. रस्त्याच्या पलीकडच्या कुंपणाखाली चार-पाच हात पांढुरकी माती अजून आहे.

तिची नोंद मला नीट करायची आहे. तुमच्या तक्त्यात कोणकोणते रकाने असतात ते सगळे क्रमाने लिहून पाठव. आणि मातीचा रंग, ते चकत्यांचं पुस्तक नसेल तर कसा लिहायचा? ओली करून बघायचा की कोरडी?

आईने कैरीचं लोणचं घातलं आहे. पुढच्या मोटेलवर पंधरा दिवस तरी असशील तर तिथला पत्ता कळव, बरणी पाठवतो.

तुझे,
नाना