झोपायला फक्त पलीकडे

ती. आई-बाबांस,
सा. न. वि. वि.

तिकिटं झाली. निघणं १९ डिसेंबरला, परतीचं विमान ४ जानेवारीचं. प्रवास वजा जाता हातात चौदा दिवस. मुलांच्या शाळेला नाताळची सुट्टी असते तेवढीच. त्याहून जास्त मागितली तर शाळेकडून पत्र येतं.

आता जे फोनवर बोलायला तोंड होईना ते लिहितो. या वेळी रात्री झोपायला आम्ही घरी नसू. मागच्या गल्लीत दोन खोल्या भाड्याने घेतल्या आहेत. पैसे भरून झाले, म्हणजे आता ‘अरे, कशाला’ म्हणून उपयोग नाही.

आई, आधी एक. हे तुझ्या सुनेच्या डोक्यातून आलेलं नाही. उलट ती म्हणाली, ‘आईंना वाईट वाटेल, तूच सांग.’ म्हणून मीच सांगतोय.

मागच्या वेळी आम्ही गेल्यावर तू आठ दिवस अंथरुणात होतीस, हे मला मावशीकडून कळलं, तेही दोन महिन्यांनी. तू व्हिडिओ कॉलवर फोन असा धरायचीस की मला कपाळ आणि वरचा पंखा दिसे. मला वाटलं, आईला अजून फोन धरता येत नाही. पलंग आम्हाला दिलास आणि त्या गुडघ्यांनी स्वतः खाली झोपलीस. त्यात मुलं पहाटे तीनला टक्क जागी. दहा-अकरा तासांचा फरक असला की शरीराचं घड्याळ रोज जेमतेम एखादा तास सरकतं, त्यातून पूर्वेकडे येताना ते आणखी अडतं. म्हणजे सुट्टीचा पहिला आठवडा रात्रीच दिवस. धाकटी उठली की तू उठायचीस, गॅस पेटवायचीस, आणि आमची झोप मोडेल म्हणून हॉलचा दिवा न लावता बाबा अंधारात बसून राहायचे. मी हे सगळं पाहिलं आणि कूस बदलून झोपलो. ते अजून टोचतं.

सकाळी डोळे उघडले की मुलं तुमच्याकडेच. जेवण, दुपार, संध्याकाळ, भांडणं, सगळं तुमच्याच घरात. फक्त झोपायला पलीकडे. तिथे गरम पाणी आहे, खिडक्यांना जाळ्या आहेत, काळजी करू नका. उशा-चादरी पाठवायच्या नाहीत.

बाबा, विमानतळावर यायचं नाही. विमान पहाटे उतरतं, प्रत्येकाच्या २३ किलोच्या दोन-दोन बॅगा, मोठी गाडी आधीच सांगितली आहे. तुम्ही कठड्यापाशी थंडीत उभे दिसलात तर मला आनंद होईल, हे खरंच, पण येऊ नका. रात्रीची गोळी आमच्या वाटेकडे डोळे लावून लांबवायची नाही. आणि दोघांनी फ्लूची लस नोव्हेंबरातच घ्या. ती लागू पडायला दोन आठवडे जातात आणि आम्ही विमानातून काय काय घेऊन येऊ सांगता येत नाही. डॉक्टरांना विचारून घ्या, पण विचारा. माळ्यावरच्या गाद्या काढायच्या नाहीत. शिडीचं मागचं एक प्रकरण पुरे झालं.

बाबा, दिवे गेले की तुम्ही घडी घातलेल्या वर्तमानपत्राने वारा घालायचात, आठवतं? तुम्हाला डुलकी लागली की हात थांबायचा. मी ‘बाबा, वारा’ म्हणायचो, की डोळे मिटलेलेच, पण हात पुन्हा सुरू. माझा थोरला परवा झोपेत ‘बाबा, पाणी’ म्हणाला आणि मी उठलो तेव्हा हेच डोक्यात आलं. तुम्ही कधी चिडला नाहीत. मी चिडतो.

म्हणून एक सूट ठेवली आहे. निघायच्या आदल्या रात्री मी एकटा घरी झोपायला येणार. ही आणि मुलं पलीकडे. हे ठरलंय, बदलायचं नाही.

पण पलंगावर तुम्ही दोघं. खाली मी.

तुमचा,
बाळ