खो-खोच्या बाईंना, व्हॉलीबॉलच्या मैदानावरून

आदरणीय बाई,

साष्टांग नमस्कार, विनंती विशेष.

मैदानावर आभाराचा शब्द काढला की तुम्ही "आधी फक्की मारून रेषा आख, मग बोल" म्हणून विषय संपवता, म्हणून हे पत्र उघडपणे लिहीत आहे. इथे तुम्हाला मध्येच थांबवता येणार नाही.

१९ जानेवारी २०२५ रोजी दिल्लीत पहिल्या खो-खो विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात आपल्या मुलींनी नेपाळला ७८-४० असे हरवले आणि दुसऱ्याच दिवशी सकाळी, कार्यालयात जाण्याआधी, मी तुमच्या दारात उभी राहिले. ज्या जिल्ह्याने सारिका काळे यांच्यासारखी खेळाडू दिली, जिच्या नेतृत्वाखाली २०१६ च्या दक्षिण आशियाई स्पर्धेत भारताने सुवर्णपदक मिळवले आणि जिला २०२० चा अर्जुन पुरस्कार मिळाला, त्या धाराशिवात खो-खोचे वेड लागायला निराळे निमित्त लागत नाही. त्यातून मी आठवी-नववीत तुमच्याच संघात पळत होते. "बाई, मला पुन्हा खो-खो खेळायचाय," एवढेच मी म्हणाले. वय शेहेचाळीस, हे मुद्दामच सांगितले नाही. पण माझे वय हजेरीपटावर ज्यांनी पाहिले होते त्यांच्यापासून ते लपवून काय उपयोग?

तुम्ही हसला नाहीत, नाहीही म्हणाला नाहीत. ओसरीवर मला खो-खोच्या बैठकीत बसवलेत, मागून पाठीवर थाप मारून "खो" दिलात आणि हाताचा टेका न घेता उठायला सांगितलेत. दोनदा जमले. तिसऱ्यांदा उठताना डाव्या गुडघ्याने असा आवाज केला की आत चहा टाकत असलेल्या तुमच्या सूनबाईंनी बाहेर डोकावून पाहिले. मग तुम्ही मला शेजारी बसवून समजावलेत की खो-खोत वयाला सर्वांत महाग पडते ते पळणे नव्हे. बैठकीतून एकदम झेप घेणे, पूर्ण वेगात असताना थांबणे आणि खांबाला वळसा घालताना सारा भार एका वाकलेल्या गुडघ्यावर घेणे, हे ते. "तुला खो-खो नकोय गं, तुला आपलं चौदावं वर्ष परत पाहिजे," हे तुमचे वाक्य मला त्या दिवशी लागले. ते खरे होते म्हणूनच लागले.

त्याआधीच्या दोन वर्षांत मी काय काय केले होते, हेही तुम्ही त्याच बैठकीत माझ्याकडून काढून घेतलेत. एका व्यायामशाळेत वर्षाची फी आगाऊ भरून मी जेमतेम दोन महिने गेले, कारण तिथे सगळ्यांसाठी एकच तक्ता होता आणि गुडघा दुखतो म्हटले की "सवय होईल" हे उत्तर होते. दिवाळीपर्यंत बारा किलो कमी करायचे ठरवले आणि दिवाळीत फराळाच्या ताटासमोर अपराध्यासारखी बसले. रोज दहा हजार पावले पुरी व्हावीत म्हणून रात्री साडेदहाला गच्चीवर येरझारा घातल्या. शेजारच्या काकूंना वाटले, घरात काही वाजले असावे. हा दहा हजारांचा आकडा मूळचा १९६५ च्या सुमारास जपानमध्ये विक्रीला आलेल्या पावले मोजणाऱ्या यंत्राच्या नावातला आहे, कोणा डॉक्टराच्या चिठ्ठीतला नाही, हे तुम्ही सांगितल्यावर मला त्या सगळ्या गच्चीवरच्या रात्रींचा रागच आला.

मग तुम्ही विचारलेत ते प्रश्न मला आजवर कोणी विचारले नव्हते. घरापासून पायी किती अंतरावर मोकळी जागा आहे? सकाळी सहाला तिथे आणखी कोण येऊ शकेल? एक दिवस गेली नाहीस तर तुझी वाट कोण पाहील? वजनाचा प्रश्न त्यात नव्हता. या तिन्हींची उत्तरे मिळून जो खेळ उरला तो व्हॉलीबॉल, आणि मी तोंड वाकडे केले, कारण शाळेत आम्ही खो-खोवाल्या मुली व्हॉलीबॉलला उभ्याउभ्या खेळायचा खेळ म्हणून हिणवत असू.

तेव्हा तुम्ही सांगितलेली हकिकत मी नंतर कितीतरी जणींना सांगितली. १८९५ मध्ये अमेरिकेतील होलिओक गावच्या वायएमसीए या संस्थेत विल्यम मॉर्गन व्यायाम शिकवत असत. चारच वर्षांपूर्वी निघालेला बास्केटबॉल तिथे येणाऱ्या मध्यमवयीन व्यापाऱ्यांना झेपेना, म्हणून त्यांनी टेनिसचे नेट साडेसहा फुटांवर चढवले आणि धक्काबुक्की नसलेला हा खेळ त्यांच्यासाठी रचला. म्हणजे मी ज्याला हिणवत होते तो मुळात माझ्याच वयाच्या माणसांसाठी जन्माला आला होता.

आज स्त्रियांच्या सामन्यात नेट २.२४ मीटरवर असते. तुम्ही आमच्यासाठी ते मॉर्गन यांच्या मापावर, म्हणजे वीतभर खाली, बांधलेत. त्यासाठी तुम्ही आणलेली बांबूची काठी अजून डोळ्यांपुढे आहे: साडेसहा फुटांवर कुंकवासारखा लाल रंगाचा पट्टा, आणि प्रत्येक वेळी नेट बांधून झाले की तुम्ही ती आधी दोन्ही टोकांना आणि मग मधोमध लावून पाहत असा, कारण मधे झोळ पडला की आम्ही चेंडू नेमका तिथूनच काढतो हे तुम्ही ओळखले होते. पहिल्या आठवड्यात मनगटाच्या वर हात लालभडक झाले होते. कार्यालयात एकाने विचारले, भाजले का? ओढणी कमरेला गच्च बांधून आम्ही सहा जणी जमलो होतो. आता अकरा आहोत, त्यात दोघी साठीच्या पुढच्या आहेत आणि त्यांची सर्व्हिस माझ्यापेक्षा सरळ जाते.

हिशेबही तुम्ही सोपा करून दिलात. जागतिक आरोग्य संघटनेने प्रौढांसाठी आठवड्याला किमान १५० मिनिटांचा मध्यम व्यायाम आणि दोन दिवस स्नायूंना बळकटी देणारा व्यायाम सुचवला आहे. आम्ही चार दिवस चाळीस-चाळीस मिनिटे खेळतो, म्हणजे १६० झाली, आणि खेळ सुरू होण्याआधी भिंतीला पाठ टेकून तुम्ही जी बैठक करून घेता ती दुसऱ्या खात्यात जाते. वहीत मी फक्त हजेरी लिहिते. वजन वर्षभरात अडीच किलोच उतरले, ही गोष्ट तुमच्यापासून लपवत नाही, पण कार्यालयाचे दोन मजले आता कठड्याला हात न लावता चढते आणि गुडघा सकाळी माझ्या आधी उठून ठणकत नाही. पावसाळ्यात काळी माती बुटांना वीटभर चिकटते तेव्हा खेळ बंद पडतो आणि मी चिडचिडी होते, असे घरचे म्हणतात.

तुम्ही डोळ्यांच्या शस्त्रक्रियेसाठी मुलाकडे गेल्यापासून नेट आम्हीच बांधतो. काठी माझ्या दारामागे उभी आहे. नेट आता चार बोटे वर घ्यावे असे आमच्यातल्या निम्म्या जणींचे म्हणणे आहे आणि उरलेल्या त्याला तयार नाहीत. दोन्ही बाजूंनी ठरवले आहे की तुम्ही येईपर्यंत लाल पट्ट्याला कोणी हात लावायचा नाही. डॉक्टरांनी परवानगी दिली की कळवा. बसस्थानकावर घ्यायला येईन.

तुमची विद्यार्थिनी,
धाराशिव