छताला लावायच्या एलईडी माळेबद्दल तक्रार

प्रति,
व्यवस्थापक,
ग्राहक तक्रार विभाग

विषय: घराबाहेरच्या एलईडी माळेचा अडॅप्टर, टायमर आणि सोबतचे माहितीपत्रक धोकादायक असल्याबाबत.

महोदय,

आपल्या कंपनीची घराबाहेर लावायची एलईडी माळ मी सणासाठी विकत घेतली. माळ पेटते, सगळे दिवे लागतात आणि उजेडही छान पडतो. हे आधीच लिहिते, कारण आपल्या हेल्पलाइनवर दर वेळी पहिला प्रश्न तोच असतो, "माळ लागते ना?" लागते म्हटले की, "मग मॅडम, हे वॉरंटीत बसत नाही." माझी तक्रार माळ बंद पडल्याची नाहीच. आपली माळ माणसाला पुन्हा पुन्हा शिडीवर चढायला लावते, अशी माझी तक्रार आहे.

अडॅप्टरपासून सुरुवात करते. खोक्यावर ठळक अक्षरांत 'आयपी ४४, घराबाहेर वापरण्यायोग्य' असे छापले आहे. माळेपुरते ते बरोबर असेल. आयपी म्हणजे धूळ-पाण्यापासूनच्या संरक्षणाचा दर्जा, आणि त्यातला दुसरा ४ म्हणजे कुठूनही पाण्याचे शिंतोडे उडाले तरी चालते. पण अडॅप्टरच्या पाठीवर, भिंग घेऊन वाचावे अशा अक्षरांत, 'आयपी २०' आहे. तिथल्या शून्याचा अर्थ पाण्यापासून काहीही संरक्षण नाही. म्हणजे अडॅप्टर घरातच हवा. आणि अडॅप्टरपासून पहिल्या दिव्यापर्यंतची वायर किती, तर दीड मीटर. बैठ्या घराच्या छताची कडसुद्धा साधारण तीन मीटरवर असते. ही वायर घरातल्या प्लगपासून तिथपर्यंत कशी न्यायची, ते ज्यांनी ही माळ आखली त्यांनी एकदा करून दाखवावे. इतरांनी एक तर अडॅप्टर बाहेर लोंबकळत ठेवायचा, नाही तर एक्स्टेंशन बोर्ड वळचणीला नेऊन बांधायचा. दोन्हीकडे पाण्याशी गाठ आहेच.

यावर मला उत्तर मिळाले की माळ २४ व्होल्टची आहे, शॉक लागत नाही. २४ व्होल्ट अडॅप्टरच्या पुढे. त्याच्या आत येणारी वीज घरातल्या कुठल्याही प्लगमधली असते तीच, तितकीच जीवघेणी. माझ्या घरी ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (वीज गळू लागली की पुरवठा तोडणारा स्विच) आहे, पण प्रत्येकाकडे तो असेलच असे आपण गृहीत धरू शकत नाही. शिवाय शिडीवरून पडायला व्होल्ट लागत नाहीत.

आता टायमर. बटण दाबल्या वेळेपासून ६ तास माळ सुरू राहते, मग १८ तास बंद, आणि दुसऱ्या दिवशी त्याच वेळी पुन्हा सुरू. कल्पना चांगली आहे. पण हे बटण अडॅप्टरवरच आहे, आणि अडॅप्टर वर सांगितल्याप्रमाणे वळचणीला. वीज क्षणभर गेली तरी टायमर सगळे विसरतो आणि माळ आपोआप लुकलुक मोडवर येते. पुन्हा वेळ लावायची तर बटण दाबायला वर जावे लागते. तेही दुपारी जमत नाही, कारण दिवे ज्या वेळी लागायला हवेत त्याच वेळी बटण दाबायचे असते. म्हणजे तिन्हीसांजेला, उजेड सरताना, शिडीवर. वीज बहुधा वारा-पावसात जाते, तेव्हा शिडीच्या पायऱ्याही ओल्याच असणार. हा दोष कागदावरच दिसायला हवा होता. एक साधा रिमोट किंवा वेळ लक्षात ठेवणारी चिप असती, तर हा परिच्छेद मला लिहावा लागला नसता.

माहितीपत्रकाबद्दल काय बोलावे! चित्रात एक गृहस्थ छताच्या आढ्यावर उभे आहेत, गळ्यात पेटलेली माळ, हातात हातोडी. खाली सूचना: 'दिवे नीट दिसावेत म्हणून माळ सुरू ठेवून लावा. खिळे किंवा स्टेपलने पक्की करा.' स्टेपल वायरच्या आवरणात घुसली की आतल्या तारा उघड्या पडतात, पाणी शिरते, शॉर्ट होते. पन्हळीच्या किंवा कौलाच्या कडेला अडकणाऱ्या प्लास्टिकच्या क्लिपा याच कामासाठी मिळतात. खोक्यात एकही नाही. माळ जमिनीवर पसरून एकदा तपासावी, मग प्लग काढून वर न्यावी, हे पत्रकात कुठेही नाही. शिडीबद्दल तर अवाक्षर नाही. चार मीटर उंचीला पाया एक मीटर बाहेर हवा, खाली कोणीतरी धरून उभे असावे, लांबच्या दिव्यासाठी वाकण्यापेक्षा उतरून शिडी सरकवावी, धातूची शिडी विजेच्या तारांजवळ नेऊ नये. एवढे चार ओळींत मावते. आढ्यावर चढायची तर गरजच नाही. कडेची माळ शिडीवरूनच लागते.

आणखी एक. खोक्यावर 'तीन माळा एकमेकींना जोडता येतात' असे आहे. एक माळ ३.६ वॅटची, म्हणजे तीन माळांचे १०.८ वॅट झाले. अडॅप्टरवर २४ व्होल्ट, ०.२५ अँपिअर लिहिले आहे, म्हणजे ६ वॅट. दुसरी माळ जोडतानाच मर्यादा ओलांडते. हा हिशेब कंपनीत कोणी केला होता का?

माझ्या मागण्या अशा: माझी पूर्ण रक्कम परत करावी. सध्याचे माहितीपत्रक आणि तीन माळांचा दावा तातडीने मागे घ्यावा आणि ज्यांनी ही माळ आधीच घेतली आहे त्यांना तसे कळवावे. हे मला पैशांपेक्षा महत्त्वाचे वाटते. पुढच्या मालात बाहेर चालणारा अडॅप्टर किंवा पुरेशी लांब वायर द्यावी, सोबत क्लिपा द्याव्यात. बदली माळ पाठवण्याचा प्रस्ताव मला मान्य नाही, कारण तीही अशीच असणार.

१५ दिवसांत लेखी उत्तर न मिळाल्यास मी ग्राहक तक्रार निवारण यंत्रणेकडे जाईन.

आपली,
एक ग्राहक

सोबत: बिलाची प्रत, खोक्याचे व अडॅप्टरवरच्या मजकुराचे फोटो, माहितीपत्रकाची प्रत.