गेटवरच्या मेजरना, यार्डातल्या ड्रायव्हरकडून

मेजर, जय हिंद.

तुम्ही रिटायर झाला त्या दिवशी मी सेकंड शिफ्टला होतो. पोचेपर्यंत नारळ-शाल सगळं उरकलेलं आणि तुम्ही गावच्या एसटीत बसलेला. भेटलो असतो तरी तुम्ही 'हं, बास बास' म्हणून विषय बदललाच असता, म्हणून इथं सगळ्यांसमोर लिहितोय. इथं तुम्हाला मला थांबवता येत नाही. नाव तेवढं लिहीत नाही.

वाचणाऱ्यांसाठी आधी थोडं सांगतो. मेजर म्हणजे आमच्या गेटवरचे सिक्युरिटी. मी कोल्हापूरजवळ गोकुळ शिरगाव एमआयडीसीत एका कास्टिंगच्या कंपनीत यार्डात ट्रेलर फिरवतो, शंटिंग ड्रायव्हर म्हणतात आम्हाला. पावणेपै विचारतात, ड्रायव्हर हायस मग पुणं-बेंगलोर किती तासात मारतोस, आणि मी सांगतो की गाडी गेटच्या भाईर काढत नाही, तर तोंडाकडं बघत बसतात. रोडवरचा ड्रायव्हर ट्रेलर आणून लाईनीत सोडतो, तो मी आमच्या हॉर्सला, म्हणजे ट्रेलर ओढणाऱ्या पुढच्या इंजिनाच्या गाडीला, जोडून डॉकला म्हणजे माल भरायच्या धक्क्याला लावायचा, भरला की काट्यावर न्यायचा, तिथनं परत लाईनीत. आख्ख्या शिफ्टमध्ये तिसरा गिअर पडत नाही. सोपं वाटतं ना, ५० फुटी धूड दोन ट्रेलरच्या मधल्या फटीत उलटं घालून दाखवा मग बोलू.

आधी मी फेटलिंगला होतो, म्हणजे कास्टिंगला ग्राइंडर मारून कडा साफ करायच्या. काळी धूळ, आवाज, संध्याकाळी नाकातनं शाई निघते तसं काळं पाणी. लाईटचं लायसन होतं, सुट्टीच्या दिवशी मेव्हण्याचा छोटा हत्ती चालवायचो भाजी घेऊन. ट्रेलरकडं बघून जीव जळायचा पण शिक्षण सातवी, आणि ट्रान्स्पोर्टच्या लायसनला आठवी पास पाहिजे हे सगळ्यांना पाठ, त्यामुळं मी तो विषयच सोडून दिला होता. मग २०१९ ला तुम्ही केबिनमध्ये पेपर वाचता वाचता मला हाक मारली, ए सातवी, हिकडं ये. शिक्षणाची अट केंद्रानं काढून टाकली होती. मी म्हटलं बघू पुढं कधीतरी. तुम्ही म्हणाला कधीतरी न्हाई, सोमवारी. आणि खरंच सोमवारी मला घेऊन आरटीओत आला, तुमची नाईट करून, झोप न काढता, आणि खिडकीवरच्या माणसाशी असं बोलला की त्याला वाटलं असणार इन्स्पेक्शनच आलं.

हेवीचं लायसन निघालं पण ड्रायव्हिंग स्कूलला सरळ ट्रक असतो, ट्रेलर नसतो. ट्रेलर म्हणजे वेगळंच जनावर. रिव्हर्सला स्टेअरिंग डावीकडं फिरवलं की शेपूट उजवीकडं जातं, आणि थोडं जास्त झालं की हॉर्स न् ट्रेलर मधनं मुडपतात. गेटवरचा सिक्युरिटी हे शिकवंल असं कुणाला वाटलं असतं? पण तुम्ही फौजेत एएससीत, म्हणजे रसद आणि वाहतूक बघणाऱ्या दलात होता, रणगाडे वाहायचे ट्रेलर चालवलेला माणूस, हे कंपनीत चार जणांनासुद्धा माहीत नव्हतं. तुम्ही मॅनेजरना सांगून परवानगी काढली आणि रविवारी यार्ड मोकळं असताना रिकाम्या ट्रेलरवर मला बसवलं.

पहिलीच गोष्ट सांगितली ती आजपर्यंत कामाला येते, आणि आता मीही दुसऱ्यांना सांगतो. हात स्टेअरिंगच्या खालच्या बाजूला धर. मग शेपूट ज्या बाजूला पाहिजे त्याच बाजूला हात न्यायचा, डोक्यात उलटसुलट हिशोब करत बसायचं नाही. दुसरं म्हणजे वळण नेहमी आपल्या बाजूनं घ्यायचं. आपण उजवीकडं बसतो, तर ट्रेलरचं शेपूट उजवीकडं वळेल अशी गाडी उभी करायची, म्हणजे खिडकीतनं डोळ्यानं दिसतं. डाव्या अंगाला वळवलं की हॉर्स मुडपल्यावर डाव्या आरशात नुसती ट्रेलरची भिंत, मागचं काही नाही. त्यासाठी यार्डाला एक जादा फेरी पडली तरी चालेल. आणि २० फुटी ट्रेलर ४० फुटीपेक्षा अवघड, कारण आखूड असल्यानं लगेच वळतो, हे तर मला उलटंच वाटायचं आधी.

जोडणी-सोडणीचं तर तुम्ही डोकंच खाल्लं होतं माझं. हॉर्सच्या पाठीवर ट्रेलर टेकायचं टेबल असतं, त्यातल्या जबड्यात ट्रेलरखालची पिन अडकते. ट्रेलर त्या टेबलापेक्षा थोडा खाली पाहिजे, वर राहिला तर पिन जबड्यात न जाता वरनं सरकते. पिन बसली की खाली उतरून बॅटरी मारून बघायचं जबडा मिटलाय का, नुसत्या आवाजावर विश्वास नाही. मग ट्रेलरचे ब्रेक लावून पुढं हलका झटका, आणि मगच पाय (ट्रेलर उभा राहतो ते पुढचे लोखंडी टेकू) वर. सोडताना बरोबर उलटं, आधी पाय खाली, मग हवेचे पाईप. लाल पाईप काढला की ट्रेलरचे ब्रेक आपोआप धरतात, तरी चाकाला ठोकळे लावायचेच. आपल्याकडच्या पावसात यार्डाची कच्ची बाजू चिखल होते आणि कास्टिंगचा ट्रेलर बघायला अर्धा रिकामा दिसतो पण वजन पुरं भरलेलं असतं, पाय एका रात्रीत जमिनीत जातात. म्हणून तुम्ही भंगारातनं जाड फळ्या गोळा करून ठेवलेल्या, पायाखाली घालायला. त्या अजून आहेत. एक कुणीतरी शेकोटीला जाळली, मला संशय आहे कुणी ते, असो.

पण खरे आभार चावीचे.

तुमच्या केबिनमध्ये आरशाशेजारी एक खिळा होता. डॉकला गाडी लागली की हॉर्सची चावी त्या खिळ्याला, आणि लोडिंगवाल्यानं स्वतः येऊन 'झालं, फोर्कलिफ्ट भाईर हाय' म्हटल्याशिवाय चावी कुणालाच नाही, मलासुद्धा नाही. कुठल्या फायलीत हा नियम नव्हता, तुमचा तुम्हीच केलेला. लोक हसायचे. मग त्या मार्च एंडला रात्री डिस्पॅचचा एक माणूस (आता तो नाही आमच्याकडं) माझ्या अंगावर ओरडत आला, भरली गाडी, काढ लवकर, बिल आजच्या तारखेत गेलं पाहिजे. मी पळत तुमच्याकडं, मेजर चावी द्या. तुम्ही खुर्चीतनं उठलासुद्धा नाही, म्हणाला लोडिंगवाला कुठाय. डिस्पॅचवाला तुम्हाला नाही नाही ते बोलला, वॉचमन आहेस वॉचमनसारखा राहा इथपर्यंत. तुम्ही शांतपणे रजिस्टर उघडलं, टाइम लिहिला, त्याचं नाव लिहिलं आणि वही त्याच्यापुढं सरकवून म्हणाला, इथं सही करा साहेब, मग देतो. सही काय त्यानं केली नाही. तेवढ्यात आतनं फोर्कलिफ्टचा हॉर्न वाजला. पोरगा अजून ट्रेलरच्या आतच होता, शेवटचा पॅलेट सरळ करत.

गाडी हलली असती तर डॉक न् ट्रेलरच्या मधल्या फटीतनं तो मशीनसकट खाली आला असता. त्या पोराला हे सगळं दुसऱ्या दिवशी कळलं, त्यानं तुम्हाला चहा पाजला आणि तुम्ही त्यालाच झापलं की बेल्ट का लावत नाहीस. मला मात्र तुम्ही एवढंच म्हणाला, घाई त्याची, गाडी तुझी. आता कुणी ओरडत आलं की मी खिळ्याकडं बोट दाखवतो. साहेबांनी नंतर तिथं लाल बोर्ड लावला, इंग्रजीत, छान आहे, पण खिळा तोच.

२०२१ च्या पुराचं पण लिहायलाच पाहिजे. पंचगंगेच्या राजाराम बंधाऱ्यावर धोक्याची पातळी ४३ फूट आणि पाणी गेलं ५५ च्या वर, शिरोलीला हायवे बंद. कागलकडनं आलेल्या गाड्या आपल्या बाजूला तटलेल्या, आणि आत भरलेला माल भाईर जाईना. यार्डात ट्रेलर नुसते साठत गेले, कुठला कुणाच्या मागं अडकलाय तेच कळेना, आणि ते सगळं तुमच्या शाळेच्या वहीत पेन्सिलीनं काढलेलं, रोज खोडून नवीन. हायवे सुटला तेव्हा त्या वहीवर बघून मी एकेक काढत गेलो, कुठलीच गाडी उगाच दोनदा हलवावी लागली नाही. रस्त्यावरच्या तामिळ, पंजाबी ड्रायव्हरांना तुम्ही पाण्याच्या टाकीचा नळ आणि संडास खुला केला होता, परवानगी दुसऱ्या दिवशी मागितली. त्यातला एक जण अजून माल घेऊन आला की पहिल्यांदा विचारतो, फौजी किधर है.

आता कामाचं बोलतो. तुमच्या नातवाला हेवी काढायचंय असं कळलं, आणि तुम्ही कुणाला सांगणार नाही मला माहितेय. लाईटचं लायसन काढून वर्ष झालं पाहिजे आणि वय २० पुरं, ते बघून घ्या. बाकी ड्रायव्हिंग स्कूलचा फॉर्म ५ (शिकल्याचा दाखला) आणि डॉक्टरचं मेडिकल, स्कूलवाला माझ्या ओळखीचा आहे, जादा पैसे मागणार नाही. आरटीओत मी येतो बरोबर, माझी नाईट असली तरी. लायसन निघालं की ट्रेलरसाठी त्याला रविवारी यार्डात पाठवा, परवानगी मी काढून ठेवतो. तुम्हीही या, पण केबिनमध्ये बसायचं, मधे बोलायचं नाही.