रविवारची बैठक : पाणी संपल्यानंतरची गोष्ट

सभासदहो, नमस्कार.

येत्या रविवारी सकाळी १० वाजता नेहमीच्या जागी बसू. अमेरिकन लेखिका ऑक्टेव्हिया बटलर यांची १९९३ची कादंबरी 'पॅरेबल ऑफ द सोअर' निम्मी तरी वाचून या. गोष्ट २०२४ सालापासून कॅलिफोर्नियात घडते. पाऊस दुर्मिळ, पाणी पेट्रोलहून महाग, वस्त्या भिंतींआड. ते साल आपण मागे टाकलंय, म्हणून ती आताच वाचायला हवी असं मला मनापासून वाटतं. मंडळाच्या दोन प्रती फिरताहेत, कृपया अडवून ठेवू नका.

दुसरं काम त्याहून महत्त्वाचं. प्रत्येकानं एक पान लिहून आणा. बेळगावला पाणी पुरवणाऱ्या राकसकोप जलाशयाचा तळ उघडा पडला आणि पुन्हा भरलाच नाही, तर तुमच्या गल्लीत काय होईल? कणकुंबीला मलप्रभेचा उगमच आटला, तर खानापूरची माणसं कुठं जातील? ऑगस्ट २०१९चा पूर आठवून उलटंही लिहा. मात्र तपशील घरातला हवा. आमची आई रात्रीच्या अंधारात घागर भरत आल्याचं नुसत्या आवाजावरून ओळखते. तो आवाजच बंद झालेलं घर मला वाचायचंय.

कन्नडमध्ये लिहिणाऱ्या मित्रांनाही घेऊन या. त्यांचं पान मराठीत सांगायला आपल्यात पुष्कळ जण आहेत.